हत्ती पोसणारे

रविवारी सकाळी सातनंतर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत, चहाच्या टपऱ्यांपुढे मोटरसायकलींच्या रांगा लागतात. गाड्या साइडस्टँडवर एकाच कोनात कललेल्या, हेल्मेटं आरशांना अडकवलेली आणि मालक हातात कटिंग घेऊन दुसऱ्याच्या गाडीभोवती फिरत असलेले. आधी टायर पाहिले जातात, मग चेन, मग इंजिनाच्या खालच्या अंगाला तेलाचा ओशटपणा आहे का ते. मग पहिला प्रश्न येतो : 'रनिंग किती झालं?' उत्तर साठ हजार असेल तर लगेच पुरवणी जोडली जाते, 'आणि इंजिन अजून खोललेलं नाही.' हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं तो 'आमच्या घरात अजून वाटण्या झालेल्या नाहीत' असं सांगणाऱ्या माणसाचा सूर असतो. त्यावर केटीएमवाला हसतो, होंडावाला आपल्या गाडीचा आवाज किती मऊ आहे ते सांगतो, बुलेटवाला म्हणतो की आवाज मऊच हवा असेल तर स्कूटर घ्यावी. दुसरा चहा येईपर्यंत वाद रंगात आलेला असतो.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला 'भरवसा'. देवाधर्मापासून बँकेपर्यंत या शब्दाखाली बरंच काही लिहिता येईल, पण त्याची रोजची, तपासून घेण्याजोगी परीक्षा पाहायची तर क्रूझर आणि टूरिंग मोटरसायकलींच्या मालकांइतकी चांगली जमात सापडणं अवघड. या लोकांनी दोन-तीन लाख रुपये, काहींनी त्याच्या कितीतरी पट, एका अशा वस्तूत घातलेले असतात जिच्या जिवावर ते घरापासून पाचशे किंवा दोन हजार किलोमीटर लांब जाणार असतात. त्यामुळे 'भरवशाची गाडी कोणती' हा त्यांच्या लेखी टपरीवरचा टाइमपास नसतो. तरीही हा वाद वर्षानुवर्षं चालतो आणि सुटत नाही. कारण भरवसा या एकाच शब्दात तिथे तीन वेगळे प्रश्न कोंबलेले असतात : गाडी किती वेळा बिघडते, बिघडताना आधी सांगून बिघडते की न सांगता, आणि बिघडल्यावर किती दिवसांत पुन्हा रस्त्यावर येते. मालक भांडतात पहिल्या प्रश्नावर. त्यांची सुट्टी आणि पैसा ज्यावर ठरतो तो मात्र तिसरा असतो. त्याचं उत्तर इंजिनात थोडंच असतं, बरंचसं गाडीच्या आजूबाजूला असतं.

पाय पुढे, पाठ मागे

क्रूझर हा घाट अमेरिकेतल्या लांब, सरळ, रुंद रस्त्यांनी घडवला. बसण्याची जागा बुटकी, हँडल मागे ओढून घेतलेलं, पाय पुढे टाकलेले, पुढचं चाक लांब सोडलेलं. अशी गाडी सरळ रस्त्यावर ओळंब्यासारखी स्थिर धावते आणि चालवणारा आरामखुर्चीत बसल्यासारखा बसतो. टूरिंगची गाडी वेगळ्या विचारातून आली. तिच्यात वाऱ्याला अडवणारी काच, सामानाची जागा, मोठी टाकी आणि दिवसभर बसूनही न मोडणारी पाठ यांचा हिशेब आधी असतो. १९७४ साली कोलोनच्या प्रदर्शनात होंडाने गोल्डविंग दाखवली तेव्हा तिच्यात पाण्याने थंड होणारं चार सिलिंडरचं आडवं इंजिन होतं आणि चेनऐवजी शाफ्ट होता, म्हणजे तेल घालायला, ताणायला, तुटायला चेनच नाही. पुढे सहा सिलिंडरची झालेली ही गाडी आज भारतात चाळीस लाखांच्या आसपास पडते. तिच्या तब्येतीच्या गोष्टी आपल्याकडे लोक ऐकतात तशाच, जशा दुसऱ्याच्या मुलाच्या अमेरिकेतल्या पगाराच्या ऐकतात.

आपल्याकडे या दोन जातींची सरमिसळ झाली. टूरसाठी क्रूझर घेतली जाते आणि टूरिंगची गाडी रोज कार्यालयात नेली जाते. त्याचे परिणाम शरीराला आधी कळतात. पाय पुढे टाकलेल्या गाडीवर खड्डा आला की फुटरेस्टवर भार देऊन बूड उचलता येत नाही. धक्का सरळ माकडहाडातून वर जातो. वाईवरून पाचगणीला चढताना किंवा ताम्हिणीतून उतरताना वळणात जास्त कललं की बुटक्या गाडीचं फुटरेस्ट रस्त्याला घासतं. उलट साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला केटीएमच्या ८५५ मिलिमीटर उंच सीटच्या जुन्या ३९० ॲडव्हेंचरवर सिग्नलला एक पाय टेकवतानाच घाम फुटतो. त्याच्यासाठी रॉयल एनफिल्डची ७६५ मिलिमीटरची मीटिअर ३५० हा सुटकेचा निश्वास असतो. गाडी चिखलात आडवी होऊन तिचे लिव्हर मोडण्याचं एक मोठं कारण सीटची उंची हेच असतं. टपरीवर मात्र त्याची नोंद 'गाडी नाजूक आहे' अशी होते.

आणखी एक गोष्ट वादात क्वचित येते. वेगाने, सलग, तासन् तास धावण्यासाठी महाराष्ट्रात बांधलेले रस्ते मोटरसायकलला बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी चालत नाही, सातशे एक किलोमीटरच्या समृद्धीवर चालत नाही, अटल सेतूवरही नाही. मोटरसायकलवाल्याच्या वाट्याला जुना हायवे येतो : गावातून जाणारा, गतिरोधकांचा, उसाच्या ट्रॅक्टरांचा, मध्येच दुभाजक तोडून समोरून येणाऱ्या दुचाकींचा. तिथे ताशी दीडशे गाठणारं इंजिन सत्तरावरच अडकून राहतं. पुण्याहून कोल्हापूर गाठताना गाडीची खरी परीक्षा साताऱ्याच्या पुढच्या मोकळ्या पट्ट्यात होत नाही. शहरातून बाहेर पडताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापत, अर्धा क्लच दाबून काढलेल्या तासात ती होते. गाडीच्या माहितीपत्रकातली अश्वशक्ती त्या तासाबद्दल काही सांगत नाही.

आकड्यांतून कळतं ते वेगळंच. मीटिअरच्या ३४९ सीसी इंजिनातून सुमारे वीस अश्वशक्ती निघते, जुन्या ३९० ॲडव्हेंचरच्या ३७३ सीसीतून त्रेचाळीस. जवळपास तेवढ्याच भांड्यातून दुपटीहून जास्त काम काढायचं म्हणजे इंजिन जास्त फिरवावं लागतं, जास्त उष्णता काढून टाकावी लागते, तेल चांगलं आणि वेळेवर लागतं. चाकणला बनणाऱ्या त्या केटीएमला यात काही कमीपणा नाही. तिने वेगळा करार केलेला आहे, एवढंच. सर्व्हिसला महिनाभर उशीर झाला तर मीटिअर दुर्लक्ष करते, केटीएम मनाला लावून घेते. मालकाचा स्वभाव आळशी असेल तर त्याने आळस सोसणारं इंजिन घ्यावं. एवढा साधा सल्ला टपरीवर कोणी कोणाला देत नाही, कारण त्यासाठी आधी आळस कबूल करावा लागतो.

जाहिरातीतला हत्ती

२०१७ मध्ये बजाज ऑटोने डोमिनार ४०० साठी जाहिरातींची एक मालिका केली. हेल्मेट घातलेले चार-पाच बाप्ये हत्तींवर बसून रस्त्याने चाललेत, हत्ती चालू होत नाहीत, थांबत नाहीत, चढ चढत नाहीत, आणि शेजारून डोमिनार सुळकन निघून जाते. वर घोषवाक्य, 'हाथी मत पालो'. पाठीमागे येणाऱ्या ठोक्यांवरून टोमणा कोणाला आहे ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. आकुर्डीच्या कंपनीने चेन्नईच्या रॉयल एनफिल्डला भर चौकात विचारलेला तो प्रश्न होता, आणि कागदावर तो बिनतोड होता. डोमिनारमध्ये पाण्याने थंड होणारं इंजिन, एबीएस, एलईडी दिवा, पस्तीस अश्वशक्ती हे सगळं स्पर्धकापेक्षा फार जास्त नसलेल्या किमतीत होतं. पुढे तीन जणांनी डोमिनारवर उत्तर ध्रुवाकडच्या टोकापासून दक्षिणेकडे अंटार्क्टिकापर्यंतची मोहीमही केली. म्हणजे गाडी टिकत नाही असंही कोणी म्हणू शकत नव्हतं.

झालं उलटंच. त्या आर्थिक वर्षात रॉयल एनफिल्डने आठ लाखांहून जास्त गाड्या विकल्या आणि डोमिनारचं महिन्याला दहा हजारांचं लक्ष्य लांबच राहिलं. याचा सोपा अर्थ लावला जातो तो असा, की बुलेटवाले भावनेच्या आहारी गेलेले लोक आहेत, त्यांना युक्तिवाद कळत नाही. राजस्थानात पाली-जोधपूर रस्त्यावर ओम बन्नांच्या ३५० बुलेटची पूजा होते, तिला हार घालतात. ते पाहिलं की हा अर्थ पटूही लागतो. पण मला तो पुरेसा वाटत नाही. सात-आठ लाख माणसं केवळ आवाजासाठी दीड लाख रुपये मोजत होती असं म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाला मूर्ख समजणं, आणि तेही असं गिऱ्हाईक जे कांदा घेतानासुद्धा चार गाड्या फिरतं. जाहिरातीने हत्तीचे दोष दाखवले, ते खरेही होते. पण हत्ती आजारी पडला तर माहूत गावोगाव आहेत, हे ती सांगायची विसरली.

बजाजला हे कळत नव्हतं अशातला भाग नाही. त्यांच्याच घरात याचं उत्तम उदाहरण उभं होतं. २००१ मध्ये कावासाकीच्या बोटाला धरून आलेली एलिमिनेटर ही आपल्याकडच्या पहिल्या काही क्रूझरांपैकी एक. देखणी, पण महाग. २००५ मध्ये तिचाच अवतार ॲव्हेंजर म्हणून आला तेव्हा आत पल्सरच्या कुळातलं इंजिन बसवलेलं होतं. त्या एका निर्णयाने ॲव्हेंजर जिल्ह्याच्या गावची गाडी झाली. प्लग, क्लच प्लेट, केबल, कार्ब्युरेटरचा जेट, काहीही गेलं तरी पल्सर दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही गॅरेजात ते भागतं. ॲव्हेंजरच्या मालकांत भरवशावरून फारशी भांडणं ऐकू येत नाहीत, आणि फारसा अभिमानही. दोन्हींचं कारण एकच आहे.

परत घ्याल का?

पहिल्या प्रश्नाचं, म्हणजे किती वेळा बिघडते याचं, मोजमाप करणारे लोक अमेरिकेत आहेत. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकांच्या मासिकाने २०१५ मध्ये बारा हजारांहून अधिक मोटरसायकलींची माहिती मालकांकडून गोळा केली आणि चौथ्या वर्षापर्यंत मोठी दुरुस्ती लागण्याचं प्रमाण काढलं. यामाहा ११ टक्के, हार्ले-डेव्हिडसन २६ टक्के, बीएमडब्ल्यू ४० टक्के. इथेच वाद संपायला हवा होता. पण त्याच मालकांना दुसरा प्रश्न विचारला गेला, 'हीच गाडी परत घ्याल का?' आणि यादी विस्कटली. सगळ्यांत वर आली व्हिक्टरी, ८० टक्के. दुसरी हार्ले, ७२ टक्के. न बिघडणारी होंडा ७० टक्क्यांवर. म्हणजे ज्यांच्या गाड्या दुप्पट बिघडल्या तेच लोक जास्त खूश होते.

याचा एक खुलासा ब्रँडच्या प्रेमाचा आहे आणि तो काही अंशी खरा आहे. पण बिघाड मोजण्याच्या रीतीतही गोम आहे. मोठी टूरिंगची गाडी हजार गोष्टी घेऊन येते : गरम होणारे हँडल, विजेवर हलणारी काच, टायरमधल्या हवेचा सेन्सर. जितक्या वस्तू जास्त तितके बिघडण्याचे ठिकाणही जास्त. हँडल गरम होणं थांबलं तर मालक वर्कशॉपात जातो, पण त्याची सहल मोडत नाही. चेन तुटली तर मोडते. टक्केवारीत मात्र दोन्ही एकाच रकान्यात जाऊ शकतात. हार्लेचा मालक खूश असण्याचं कारण हेही आहे, की अमेरिकेत त्याला तासा-दोन तासांच्या अंतरावर विक्रेता सापडतो, आणि तिथे त्याच्या वीस वर्षं जुन्या गाडीचा भाग फळीवर असतो.

आणि व्हिक्टरीचं काय झालं? जानेवारी २०१७ मध्ये तिच्या मालक कंपनीने, पोलारिसने, तो ब्रँडच बंद केला. सुटे भाग दहा वर्षं पुरवण्याची हमी दिली. ऐंशी टक्के लोक परत घ्यायला तयार होते, पण घ्यायला गाडी उरली नाही. त्या गाड्यांच्या इंजिनात एका रात्रीत काहीही बदललं नव्हतं. तेच स्टील, तेच तेल. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक व्हिक्टरी थोडी कमी भरवशाची झालेली होती.

नाना पेठेचं भांडवल

पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं ओळीने आहेत. गिऱ्हाईक हातात तेलकट तुटका भाग घेऊन येतं, दुकानदार तो उलटसुलट करून पाहतो, गाडीचं वर्ष विचारतो आणि आतल्या अंधारात हाक मारतो. मग प्रश्न येतो, 'कंपनीचा देऊ, की लोकल?' या एका प्रश्नात एक अख्खी अर्थव्यवस्था आहे. कंपनीचा भाग वाट पाहायला लावतो, लोकल लगेच मिळतो, आणि तिसरा एक प्रकार असतो, 'कंपनीला माल देणाऱ्याचाच, फक्त डबा वेगळा'. ज्या गाडीसाठी हा प्रश्न विचारला जातो ती गाडी जिवंत आहे असं समजावं. ज्या गाडीचं नाव काढल्यावर दुकानदार भाग परत हातात देतो, तिची अश्वशक्ती कितीही असो, तिच्या मालकाची रात्र वैऱ्याची असते.

ह्योसंगची गोष्ट या दृष्टीने महाराष्ट्राची खास आहे. कोरियाच्या या कंपनीच्या क्रूझर दिसायला भारदस्त, दोन सिलिंडरच्या आणि किमतीच्या मानाने गाडी भरपूर. पण भारतात तिने चार बिऱ्हाडं केली. शतकाच्या सुरुवातीला ती कायनेटिककडे होती, मग गरवारे मोटर्सकडे आली, वाईत तिची जुळणी होऊ लागली. तिथून ती पुण्याच्या डीएसके मोटोव्हील्सकडे गेली आणि डीएसके समूह बुडाल्यावर २०१८ मध्ये पुन्हा कायनेटिककडे. प्रत्येक बिऱ्हाड हलवताना काहीतरी मागे राहतंच. इथे मागे राहिला तो सुट्या भागांचा साठा आणि ते इंजिन ओळखणारे हात. हार्लेने सप्टेंबर २०२० मध्ये हरियाणातल्या बावलचा कारखाना बंद करण्याचं जाहीर केलं तेव्हा स्ट्रीट ७५० च्या मालकांच्या पोटात गोळा आला तो याच भीतीने. महिन्याभरात हिरो मोटोकॉर्पशी करार झाला, विक्री आणि सर्व्हिस हिरोने घेतली आणि तो गोळा जरा खाली बसला. गाडी तीच होती. पालक मिळाले.

होंडाची ३५० ही याची सौम्य आवृत्ती. २०२० मध्ये हायनेस आली तेव्हा ज्याने ज्याने चालवली त्याने कबूल केलं की थरथर कमी, गिअर लोण्यासारखे. पण ती होंडाच्या सगळ्या दुकानांत मिळत नाही, बिगविंग नावाच्या वेगळ्या दालनांत मिळते, आणि ती मोजकी आहेत. नाशिक-पुण्याच्या माणसाला याचं काही वाटत नाही. गडचिरोलीच्या माणसाने मात्र पहिल्या सर्व्हिसलाच नागपूर गाठायचं का, याचा विचार आधी करावा.

यावर आक्षेप असा येतो, की जाळं दाट असणं ही गाडीची गुणवत्ता नव्हे. किंबहुना त्यामुळे कंपन्या सुस्तावतात. गाडी कच्ची बाजारात आणायची, गिऱ्हाइकाकडून तपासून घ्यायची, चुका सर्व्हिस सेंटरात निस्तरायच्या. हा आक्षेप मी खोडू शकत नाही, कारण त्याला पुरावा आहे. २०१६ मध्ये आलेल्या पहिल्या हिमालयनच्या तक्रारी मालकांनी जाहीरपणे मांडल्या होत्या. गाडी सुधारली ती पुढच्या आवृत्त्यांत. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलमधल्या दोषासाठी मीटिअर, क्लासिक आणि बुलेट मिळून २,३६,९६६ गाड्या परत बोलावल्या. पण हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचता येतो. अडीच लाखांच्या घरातल्या गाड्या बोलावून, तपासून परत देण्याची ताकद ज्या जाळ्यात आहे, त्याच्या बाहेरची गाडी दोषमुक्त असते असं नाही. तिचा दोष फक्त मोजला गेलेला नसतो. दाट जाळं कंपनीला चुका करू देतं आणि मालकाला त्या चुकांतून बाहेर काढतं. मालक म्हणून मी दुसऱ्या अर्ध्या वाक्यासाठी पहिलं सोसेन, पण तो सौदा आहे हे ध्यानात ठेवून.

मिस्त्रीचा कान

जुन्या बुलेटचे भक्त इथे खूश होतील, आणि त्यांना इथेच थांबवायला हवं. त्यांचं म्हणणं असं : १९५५ पासून मद्रासेत बनू लागलेली, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची, उजव्या पायाने गिअर टाकायची बुलेट हीच खरी भरवशाची, कारण ती झाडाखाली बसून, पाना-पक्कड घेऊन चालू करता येत असे. वर्णन खरं आहे, निष्कर्ष चूक. ती गाडी झाडाखाली दुरुस्त होत असे, कारण तिला झाडाखाली बसावं लागत असे. पॉइंटमधलं अंतर बदलायचं, टॅपेट वाजू लागायचे, क्लचची केबल सुटायची, जोडांतून तेल पाझरायचं. किक मारण्याआधी ॲम्पिअर दाखवणारा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसरचा लिव्हर दाबून पिस्टन योग्य जागी न्यावा लागे, नाहीतर किक उलटी बसून पोटरी सुजायची. दुरुस्त होण्यातली सोय आणि न बिघडण्यातला भरवसा या दोन गोष्टी आठवणीत एकमेकींत मिसळल्या आहेत.

त्या गाडीकडे जे होतं आणि आज उरलेलं नाही ते म्हणजे बोलणं. ती न सांगता बिघडत नसे. आवाज बदलायचा, ठोका चुकायचा, सायलेन्सरमधून फट् व्हायचं, आणि गॅरेजातला मिस्त्री गाडी फाटकातून आत येतानाच 'टायमिंग सरकलंय' म्हणायचा. हे निदान कानाचं होतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे प्रदूषणाचे निकष लागू झाले, कार्ब्युरेटर गेला आणि पेट्रोल इंजेक्शनने, सेन्सरांच्या सांगण्यावरून जाऊ लागलं. आता गाडी महिनोन् महिने तक्रार करत नाही आणि मग एका सकाळी पिवळा दिवा लावून गप्प बसते. नव्या क्लासिक-मीटिअरला किक नाही. बॅटरी पार उतरली तर ढकलूनही उपयोग होईलच असं नाही, कारण पेट्रोलचा पंपच विजेवर चालतो. त्याला वीज मिळाली नाही तर चाकं फिरूनही इंजिनात पेट्रोल येत नाही. गाडी आडवी झाली की एक सेन्सर इंजिन बंद करतो. उभी केल्यावर चावी एकदा बंद-चालू करावी लागते. हे माहीत नसलेला माणूस धडधाकट गाडी टेम्पोत घालून आणतो आणि वर शपथेवर सांगतो की बंद पडली.

तरीही हिशेब नव्या गाडीच्या बाजूने झुकतो. बिघाडांची संख्या इतकी उतरली आहे, की कानाचं निदान गेल्याची भरपाई होऊन वर उरतं. प्रश्न फक्त मिस्त्रीच्या हातातल्या हत्याराचा आहे. पान्याच्या जागी स्कॅनर आला. तो स्वस्तही होत चालला आहे, पण गाडीच्या संगणकाशी बोलायची परवानगी कंपनीच्या हातात राहते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं आणि त्यात वाहनं घेतली. त्याने आपल्या गावचा मिस्त्री किती शहाणा होतो यावर पुढच्या वीस वर्षांतला भरवसा बराचसा ठरणार आहे.

खारदुंगच्या अलीकडे

सगळ्यांत अवघड आक्षेप डोंगरातला. जाळं, सुटे भाग हे पुण्या-मुंबईत ठीक. लडाखच्या मोकळ्या पठारावर, जिथे माणूसच नाही, तिथे गाडी बिघडतच नाही हे महत्त्वाचं नाही का? मनालीच्या पुढे तांडीच्या पंपावर वर्षानुवर्षं पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तिथे इंजिनाचा गुण मोजायला हवा हे मान्य. खारदुंग ला या खिंडीइतक्या उंचीवर, म्हणजे पाटीवर लिहिलेल्या १८,३८० नव्हे तर सुमारे साडेसतरा हजार फुटांवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. हवा विरळ, म्हणून इंजिनाची ताकदही तितकीच घसरते. कार्ब्युरेटर मात्र त्याच अंदाजाने पेट्रोल सोडत राहतो, प्लग काळा पडतो, गाडी गुदमरते. इंजेक्शनची गाडी हवा मोजून पेट्रोल कमी करते. इथे नवं तंत्र जुन्याला सरळ हरवतं.

पण तिथे व्यवसाय म्हणून गाड्या ठेवणाऱ्यांकडे पाहावं. लेहमध्ये भाड्याने मोटरसायकल देणाऱ्यांच्या अंगणात हिमालयन आणि बुलेट-क्लासिकच्या रांगा दिसतात. बाहेरच्या भाड्याच्या गाड्या तिथे फिरवू देत नाहीत, त्यामुळे महाराष्ट्रातून विमानाने गेलेला माणूस याच रांगेतून निवडतो. या दुकानदारांना आवाजाचं प्रेम नाही. त्यांची गाडी रोज वेगळा अनोळखी माणूस हाकतो, पाडतो, क्लच जाळतो. हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यात गाडी आठवडाभर भागाची वाट पाहत उभी राहिली तर धंदा बसतो. त्यांनी निवडलेली गाडी कमीत कमी बिघडणारी असेलच असं नाही. ती संध्याकाळी आणली तर सकाळी परत भाड्याने देता येते. मोकळ्या पठारावरसुद्धा शेवटी कोणाचा तरी ट्रक थांबतो, गाडी वर चढते आणि लेहला त्याच अंगणात येते.

जगप्रवासाची गाडी म्हणून बीएमडब्ल्यूच्या जीएसचं नाव घेतात. २००४ मध्ये दोन ब्रिटिश अभिनेते लंडनहून पूर्वेकडे निघाले ते याच गाड्यांवर. मंगोलियात त्यांच्या कॅमेरामनच्या गाडीची मागची फ्रेम मोडली, गावात वेल्डिंग करून घेतली, आणि त्यानंतर एबीएसने मान टाकली. त्याला मग एक स्वस्त रशियन इझ मोटरसायकल घेऊन दिली गेली. ती इझ काही चांगली गाडी नव्हती, वाटेत सारखी बंद पडायची. पण तिथल्या माणसांना ती चालू करता येत होती. दोन्ही बाजूंच्या मंडळींनी ही गोष्ट आपापल्या वादात वापरलेली आहे आणि दोघांचंही बरोबर आहे.

साडेतीनशेची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलीवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४०. या एका रेघेने त्या दिवाळीच्या बाजारात क्लासिक, मीटिअर, बुलेट स्वस्त झाल्या आणि हिमालयन ४५०, सुपर मीटिअर ६५० यांच्यावर बोजा वाढला. याचा परिणाम शोरूमपेक्षा नाना पेठेत जास्त दिसेल असा माझा अंदाज आहे. ज्या गाड्या आधीच गल्लोगल्ली आहेत त्या आणखी वाढतील, त्यांचे लोकल भाग आणखी स्वस्त होतील, त्यांचे मिस्त्री आणखी पोरं हाताशी घेतील. जाळं जाळ्याला वाढवतं. नव्या, कदाचित जास्त चांगल्या गाडीला आत शिरायला जागा कमी राहते, हा त्यातला तोटा, आणि तो मालकांनाच कधीतरी भरावा लागेल. अपवाद दिसतो तो जाळं उसनं घेणाऱ्यांचा : ट्रायम्फची स्पीड ४०० बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून येते, हार्लेची एक्स ४४० हिरोच्या. विलायती नावाला देशी माहूत.

नोव्हेंबरात गोव्यात वागातोरला रॉयल एनफिल्डवाल्यांचा मेळा भरतो. पूर्वी त्याचं नाव रायडर मेनिया होतं, आता मोटोव्हर्स. एमएच, केए, केएल, टीएन अशा पाट्यांच्या गाड्या लाल धुळीत ओळीने लागतात. तिथल्या स्पर्धांत एक जुना खेळ होता, असेंब्ली वॉर्स. गाडी मोकळी करायची आणि घड्याळ लावून पुन्हा जोडायची. डोमिनारच्या जाहिरातीतल्या हत्तीला हे उत्तर आहे की त्या जाहिरातीचा पुरावा, यावर तिथेही दोन मतं असणार. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत अजूनही 'सिंगल हँड, शोरूम कंडिशन, इंजिन खोललेलं नाही' हेच शब्द सगळ्यांत मोठ्या टायपात असतात. घेणाऱ्यांमधले जाणते गाडीभोवती एक फेरी मारतात, तेलाची पातळी बघतात आणि हळूच विचारतात, 'काम कोणाकडे करता?'